वाऱ्याची खूण आणि अदृष्ट

माझ्या पुतण्याचं भिवापुरात गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीट कव्हर, मड फ्लॅप, रंगीत दिवे हे सगळं असतंच, पण पोरांची सगळ्यात जास्त मागणी स्पॉइलरला. जुनी का होईना, चारचाकी घरी आली की डिक्कीवर तो फायबरचा पंख हवाच. शनिवारी त्याच गाड्यांच्या पुढच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची लटकते. मिरचीच्या गावात मिरचीला काय तोटा! मागे पंख, पुढे लिंबू-मिरची. कशासाठी, म्हणून विचारलं तर पुतण्या सांगतो, "काका, पंख लावला का गाडीले हवा उचलत नाही, रोडले चिपकून चालते." आणि लिंबू-मिरचीनं नजर लागत नाही. दोन्ही ठिकाणी न दिसणारी एक शक्ती मानलेली आहे आणि तिच्यापासून राखण करायला एक दिसणारी वस्तू टांगलेली आहे.

हे दोन विश्वास एकाच जातीचे आहेत का, हा प्रश्न मला सोडत नाही. मी नोकरीभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्याआधी लहानपणी वडिलांनी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह समोर बसवून घोकून घेतला होता. घरातली देवपूजा आजही मीच करतो. त्यामुळे 'सगळी अंधश्रद्धा' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही, आणि 'शेवटी सगळी श्रद्धाच' असंही म्हणवत नाही.

आपल्याकडच्या तार्किकांनी नेमक्या वाऱ्यावरच हा वाद घातलेला आहे. वारा हे द्रव्य आहे, त्याला रूप नाही, स्पर्श आहे, इथपर्यंत न्याय आणि वैशेषिक या दोन्ही दर्शनांचं एकमत. पुढे फाटा फुटतो. जुने वैशेषिक म्हणतात, बाहेरचं द्रव्य प्रत्यक्ष व्हायचं तर त्याला रूप हवं. वाऱ्याला ते नाही, म्हणून वारा कधी प्रत्यक्ष होत नाही, त्याचं अनुमानच करावं लागतं. नंतरचे नैयायिक म्हणाले, अंगाला लागतो तो वाराच ना? मग त्वचेनं तो प्रत्यक्ष झालाच. मी जुन्यांच्या बाजूचा आहे. त्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीला मान दिला आणि तिच्याकडून पुरावाही मागितला. वैशेषिकांचा भाष्यकार प्रशस्तपाद यानं वाऱ्याच्या चार खुणा सांगितल्या आहेत: स्पर्श, शब्द, धृती आणि कंप. अंगाला लागणं, आवाज होणं, गवत-कापूस-ढग अधांतरी धरून ठेवणं, फांद्या-पानं हलवणं. गाडी आणि हवा यांचं आज जे शास्त्र आहे, त्याची सगळी मोजमापं या चार खुणांत बसतात, हे मला कळलं तेव्हा ते जुनं पाठांतर एकदम जागं झालं.

कंपापासून सुरुवात करतो, कारण तो आम्ही उमरेड रोडवर डोळ्यांनी पाहिला. पुतण्याच्या हॅचबॅकच्या टपावर आणि मागच्या काचेवर लोकरीचे बोटभर धागे सेलोटेपनं ओळीनं चिकटवले. सकाळी रस्ता मोकळा असताना तो गाडी घेऊन निघाला आणि मागून मोटारसायकलवरच्या पोरानं मोबाईलवर चित्रण केलं. गाडी थांबलेली असताना सगळे धागे मेल्यासारखे लोंबत होते. वेग साठच्या आसपास गेला तसे टपावरचे धागे मागच्या दिशेला ताठ झोपले, विंचरल्यासारखे. मागच्या काचेवरचे धागे मात्र उलटे, वरच्या अंगाला, टपाकडे तोंड करून फडफडत होते. गाडी पुढे चाललेली आणि काचेवरचा वारा खालून वर चढतोय! टपावरून सुळकन आलेली हवा त्या उभ्या काचेवर वळू शकत नाही, ती सुटते, आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात भोवरा फिरत राहतो. चाकांनी उडवलेली धूळ तोच भोवरा उचलून काचेवर आणून बसवतो. हॅचबॅकला मागे वायपर लागतो आणि डिक्कीवाल्या सेडानला बहुधा लागत नाही, त्याचं कारण हेच. भोवऱ्यात दाब कमी असतो, म्हणून गाडी मागे ओढली जाते. टपाच्या शेवटाला पुढे काढलेली जी पट्टी कंपनीतूनच येते, ती हवेला नेमक्या एका धारेवरून सोडते, त्यामुळे मागची पोकळी जरा आटोक्यात राहते. काही गाड्यांत ओढ कमी होते ती एवढ्यानंच.

वैशेषिकांचा मूळ सूत्रकार कणाद, त्याच्या सूत्रांत वाऱ्यावर वारा आदळण्याचा उल्लेख आहे. दोन वारे समोरासमोर भिडले की वर चढतात आणि ते वर चढणं आपल्याला वर जाणाऱ्या गवतावरून कळतं, असं त्यावर सांगतात. आमच्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून देठं खुडतात त्या मैदानावर, हे कोणीही पाहावं. उन्हं तापली की वावटळ येते आणि वाळलेली देठं, टरफलं, बिया गोल फिरवत माणसाच्या डोक्यावर नेते. देठ खुडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावतात. शेजारच्या रस्त्यावरून भरधाव ट्रक गेला तरी तेच होतं, फक्त आडवं.

स्पर्शाची खूण मोजायला मिस्त्री लोकांची लेव्हलची पारदर्शक नळी कामी आली. तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं, मधला भाग इंग्रजी यू अक्षरासारखा फळीवर बांधला, मागे पट्टी लावली. नळीचं एक तोंड बंपरपाशी वाऱ्याला सामोरं, दुसरं काचा बंद केलेल्या गाडीच्या आत. साठच्या वेगाला पाण्याच्या दोन पातळ्यांत दीड सेंटीमीटरच्या वर फरक पडला. नव्वदला तो साडेतीनच्या वर गेला. वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, हे मी फळ्यावर नोकरीभर लिहिलं, पण कुंकवाचं पाणी चढताना पुतण्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते फळ्यासमोर क्वचितच दिसायचं. याच हिशेबानं १०० च्या वेगाला साध्या गाडीला हवा सुमारे तीस किलोच्या जोरानं अडवते आणि ५० ला त्याच्या चौथाईनं. आमची नागपूर–नागभीड छोटी रेल्वे 2019 मध्ये बंद झाली. तिच्या इंजिनाला वाऱ्याचं फारसं काही सोयरसुतक नव्हतं, कारण तिचा वेगच तसा.

आवाजाचं सांगायला फार नाही. काच बोटभर उघडी राहिली की शीळ वाजते, ती त्याच सुटलेल्या हवेची.

आणि धृती. धरून ठेवणं. खुणांमधली ही सगळ्यात खोल. टपावरून जाताना हवेला गाडीच्या आकाराबरोबर वळावं लागतं, आणि वळणाऱ्या हवेत वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे टपाशी, दाब कमी होतो. खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त ठरला की गाडी वर उचलली जाते. १०० च्या वेगाला साध्या गाडीच्या बाबतीत हे उचलणं ढोबळ मानानं वीसेक किलोचं. नऊशे किलोच्या गाडीत ते चालवणाऱ्याला कळतही नाही. वेग दोनशे झाला की तेच ऐंशी होतं, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवरून गेलं तर गाडी वळणावर शेपूट टाकते. डिक्कीच्या कडेला उभी केलेली पट्टी तिथून निसटणाऱ्या हवेला अडवते, पट्टीच्या पुढ्यात डिक्कीवर दाब वाढतो आणि उचल कमी होते. 1972 च्या अखेरीस आलेल्या पोर्शे 911 करेरा आरएसची बदकाच्या शेपटीसारखी मागची कड याच कामासाठी होती. पंखाचं काम निराळं. तो विमानाचा पंख उलटा धरल्यासारखा असतो, वरून-खालून दोन्हीकडून हवा जाते आणि तो खाली दाबला जातो. शर्यतीच्या गाड्यांत ही विद्या इतकी पुढे गेली की फॉर्म्युला वन गाडीवर पूर्ण वेगात तिच्या वजनाहून जास्त दाब येतो. त्याचा धोकाही लवकरच कळला. 1969 मध्ये स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच खांबांवरचे पंख मोडले, दोन्ही गाड्या आदळल्या आणि काही दिवसांतच तसे उंच पंख बंद करण्यात आले.

आता पुतण्याच्या वाक्याकडे येतो. 'पंख तिथे पकड' ही त्याची व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' असा कायमचा संबंध. ती खरी आहे का?

तर्कशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला जोडीनं दोन वाक्यं सांगतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर यायला ओलं इंधन लागतं. या ओल्या इंधनाला म्हणतात उपाधी. उपाधी लपलेली असली की खोटी व्याप्ती खरी वाटू लागते. स्पॉइलरची पहिली उपाधी वेग. शंभराच्या वेगाला तो डिक्कीवरचा पंख नीट कोनात असला तर तीन-चार किलो दाबेल. चाळीसला, म्हणजे भिवापूरच्या बाजारातून बाहेर पडताना, अर्धा किलो. डिक्कीत ठेवलेली पाण्याची बाटली त्याहून जास्त दाबते. दुसरी उपाधी जागा. आम्ही एका जुन्या सेडानवरही धागे लावले. तिची मागची काच इतकी उतरती होती की काचेच्या मध्यावरच धाग्यांची दिशा हरवली, आणि डिक्कीवरच्या ठेंगण्या पंखाचे धागे कुठेही भिरभिरत होते. तो पंख वाऱ्यात नव्हताच, मेलेल्या हवेत उभा होता. 1984 मध्ये अहमद नावाच्या संशोधकानं जर्मनीत एका साध्या ठोकळ्यावर हेच तपासलं होतं. मागचा उतार तीस अंशांच्या जवळ नेला की हवेची ओढ कळसाला पोचते आणि तो ओलांडला की हवा पूर्ण सुटून ओढ एकदम खाली येते. दोन-चार अंशांत सगळा खेळ पालटतो. तिसरी उपाधी म्हणजे कोणती चाकं गाडी ओढतात ती. आमच्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि पंख दाबतो मागच्यांना.

पुतण्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग काका, पोरायले काय सांगू? नको लावू म्हनू काय?" मी म्हटलं, लाव. चांगला दिसतो म्हणून लाव. पकडीचा भरवसा मात्र देऊ नकोस.

हे इतकं कळकळीनं सांगण्याला कारण आहे. मागे एका पावसाळ्यात ओळखीच्या घरातला एक मुलगा नागपूरहून परत येताना वळणावर गेला. कोणाचा धक्का नाही, समोर कोणी नाही, गाडी आपणहून सरकत जाऊन झाडावर. दहाव्याला नदीवर बसलेली माणसं एकेक करून तेच म्हणत होती, "त्याची वेळच भरली होती." मी ती गाडी नंतर पाहिली. मागचा पंख नवाकोरा, जागच्या जागी. चारही टायर गुळगुळीत. टायरच्या खाचा पाणी बाजूला काढण्यासाठी असतात. खाचा गेल्या की पाणी चाकाखाली अडकतं आणि वेगात चाक त्याच्यावर तरंगायला लागतं. पाणी हवेपेक्षा आठशे-नऊशे पट जड, नियम मात्र तोच वेगाच्या वर्गाचा. गाडीला उचलण्याची भीती त्याला हवेची होती. खुणा सांगत होत्या की पाण्यानं उचललं. आठ-दहा हजारांचा पंख बसवणाऱ्या हातांना टायरकडे पाहायला कोणी सांगितलं नव्हतं.

'वेळ भरली होती' या वाक्याला शास्त्रातला शब्द आहे अदृष्ट. वैशेषिकांच्या मते आपल्या धर्म-अधर्माचा आत्म्यावर राहिलेला, न दिसणारा ठसा. आणि इथे मोठी विलक्षण गोष्ट आहे. सुई लोहचुंबकाकडे का धावते, ज्वाला वरच का जाते, वारा आडवा का वाहतो, या प्रश्नांना कणादाचं उत्तर एकच आहे: अदृष्टामुळे. म्हणजे त्याच सूत्रकारानं वारा आहे हे खुणांवरून सिद्ध केलं, आणि तो आडवा का वाहतो तिथे खूण सापडेना तेव्हा अदृष्ट म्हटलं. आज चुंबकाचं कारण आपल्याजवळ आहे. वारा आडवा वाहतो तो जमीन कमी-जास्त तापून दाबात फरक पडतो म्हणून. ज्वाला वर जाते कारण तापलेली हवा हलकी होते. अदृष्टाच्या ताब्यातला मुलूख एकेक गाव करून सुटत गेला. यात धर्माची काही हानी झाली असं मला वाटत नाही. खूण सापडली नाही तेव्हा त्यांनी तो शब्द वापरला, खूण शोधायची नाही म्हणून वापरला नाही. आपण दहाव्याला बसून तो वापरतो तो दुसऱ्या रीतीनं.

परदेशातलं एक उदाहरण माझ्या मनात कायम असतं. 1998 मध्ये ऑडीची टीटी ही देखणी, गोल पाठीची गाडी बाजारात आली. जर्मनीतल्या वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर, फार मोठ्या वेगात, वळण घेताना किंवा मार्ग बदलताना ती मागून सुटू लागली. माणसं मेली. तिथल्याही कुणा आईच्या मनात देवाची मर्जी आली असेल. पण गाडीच्या गोल पाठीवरून जाणारी हवा मागच्या चाकांना उचलते, हे तपासात पुढे आलं. कंपनीनं विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शनमध्ये बदल केले, गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आणि डिक्कीच्या कडेला एक लहानशी पट्टी लावून दिली. तीच पट्टी, जी आमच्याकडे शोभेची आहे. तिथे वेगाचं ओलं इंधन हजर होतं, म्हणून ती कामाची ठरली.

आता तो वेग आपल्याही दाराशी आला आहे. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि कारला तिथे १२० ची मर्यादा आहे. भिवापूरची पोरं आता त्या रस्त्यानं जातात. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली, 25 माणसं गेली. नंतर त्या जागी महामृत्युंजय मंत्राचा विधी झाला आणि त्यावरून वादही झाला. गेलेल्यांसाठी मंत्र म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. माझ्या घरात कोणी गेलं तर मीही तेच करीन. पण त्या विधीनं पुढचे अपघात टळतील असं कोणी म्हणालं की त्यानं एक व्याप्ती मांडली, आणि व्याप्ती मांडणाऱ्याला कणाद असो की माझा पुतण्या, एकाच कसोटीला उतरावं लागतं. आहे तेव्हा होतं, नाही तेव्हा होत नाही, हे दाखव. मधे कुठली उपाधी लपलेली नाही, हे दाखव. लिंबू-मिरचीलाही हीच कसोटी. वेग वाढला की ती मागे रेटली जाऊन बंपरच्या जाळीला चिकटते, म्हणजे वाऱ्याची ती उत्तम खूण आहे. नजरेची खूण म्हणून तिच्याकडे दाखवण्याजोगं काही नाही.

मग ईश्वराचं काय? इथे मला थांबून सावकाश बोललं पाहिजे. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी जी अनुमानं दिली त्यांत एक धृतीचं आहे. पक्षी चोचीत काडी धरून आकाशात उडतो तेव्हा काडी खाली पडत नाही, कारण पक्ष्याचा प्रयत्न तिला धरून असतो. तसं हे विश्व पडत नाही, म्हणून त्याला कोणीतरी धरून ठेवणारा आहे. प्रशस्तपादानं जी खूण वाऱ्यासाठी वापरली तीच उदयनांनी ईश्वरासाठी वापरली. वडील हा भाग शिकवताना डोळे मिटून घ्यायचे. मला आजही तो सुंदर वाटतो. पण दोन्ही अनुमानांचं वजन मला सारखं वाटत नाही. वाऱ्याच्या बाबतीत मी गाडी थांबवतो, धागे लोंबतात. गाडी चालवतो, धागे झोपतात. स्पॉइलर काढतो, लावतो, फरक पाहतो. विश्व धरणारा बाजूला करून विश्व पडतं का, हे पाहायला कुणाला सवड आहे? ज्या गोष्टीचा अभाव कधीच समोर येणार नाही, तिच्यावर माझा विश्वास आहे, पण तो अनुमानानं मिळवलेला नाही. तो वडिलांच्या मिटलेल्या डोळ्यांतून आलेला आहे आणि मी तो तसाच सांभाळतो. म्हणूनच त्याला मी रस्त्यावर साक्षीला बोलावत नाही. टायर, वेग, वळण, पाणी यांच्या साक्षी झाल्यानंतरही त्या मुलाची आई विचारते, माझ्याच लेकराला का? तिथे माझं भौतिकशास्त्र संपतं. तिनं अदृष्ट म्हटलं तर मी तिच्याशी वाद घालणार नाही. वाद आहे तो इतरांशी, ज्यांनी तिच्याआधी तो शब्द उच्चारला आणि टायर पाहायचे टाळले.

पुतण्या आता पंख बसवण्याआधी गाडीभोवती फिरून टायरच्या खाचांत एक रुपयाचं नाणं घालून पाहतो. काही पोरं चिडतात, काही टायरच्या दुकानात जातात. आमच्या नळीचं कामही संपलेलं नाही. कुंकवाचं पाणी चढवलं ते भर मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या हलक्या हवेत. पौषातल्या पंधरा अंशांच्या पहाटे हवा सुमारे दहा टक्क्यांनी जड असेल. तोच रस्ता, तोच नव्वदचा वेग, आणि पाणी तीन-चार मिलिमीटर जास्त चढायला हवं. पट्टी बारीक रेघांची आणून ठेवली आहे.